पहिली सोनोग्राफी नॉर्मल, तरी पुढचं चुकवू नका

वेळेआधी, २९व्या आठवड्यात जन्मलेल्या बाळाच्या डोक्याची सोनोग्राफी आठव्या दिवशी नॉर्मल आली, म्हणजे मेंदूची काळजी मिटली, असं वाटू शकतं. हे अर्धंच खरं. मेंदूतला रक्तस्राव बहुतेकदा पहिल्या ७२ तासांत होतो, तो एव्हाना दिसला असता. पण रक्तपुरवठा कमी पडून व्हाइट मॅटरला (मेंदूच्या आतल्या भागातल्या, संदेश वाहून नेणाऱ्या तंतूंना) इजा झाली असेल, तर तिथल्या पोकळ्या दिसायला दोन ते चार आठवडे लागतात. म्हणून महिन्याभराने आणि गर्भधारणेपासूनचे ४० आठवडे भरतील तेव्हा पुन्हा सोनोग्राफी हवीच. विखुरलेली बारीक इजा त्यातूनही निसटते.

तेव्हा बाळाच्या हालचालींकडे बघा. बाळ ११ आठवडे आधी आलंय, त्यामुळे सहा महिन्यांचं होईल तेव्हा त्याचं सुधारित वय (प्रसूतीच्या अपेक्षित तारखेपासून मोजलेलं) साडेतीन महिने असेल. त्या सुमारास ते जागं आणि शांत असताना, उताणं ठेवून, तोंडात चोखणी किंवा समोर खेळणं न देता तीन ते पाच मिनिटांचा व्हिडिओ घ्या. मान, मनगटं, घोटे यांच्या छोट्या, सततच्या, सगळ्या दिशांच्या हालचाली त्यात नसतील, तर सेरेब्रल पाल्सीची (मेंदूच्या इजेमुळे हालचालींवर येणाऱ्या कायमच्या मर्यादेची) शक्यता बरीच वाढते. प्रशिक्षित तज्ज्ञाला दाखवा आणि थेरपी लगेच सुरू करा, निदानाची वाट बघू नका.

वाढीचे टप्पे दोन वर्षांपर्यंत सुधारित वयानेच मोजा. लसी मात्र जन्मतारखेप्रमाणे. डोळ्यांचा पडदा जन्मापासून ३० दिवसांच्या आत तपासून घ्या. आणि एनआयसीयूतल्या (नवजात अतिदक्षता विभागातल्या) बाळाला ऐकण्याची नुसती ओएई ही कानाच्या आतल्या भागाची तपासणी पुरत नाही, कानापासून मेंदूपर्यंतचा मार्ग तपासणारी बेरा करून घ्याच.