मुलगी वसतिगृहात अकरावीला आहे. प्रवेश परीक्षांच्या तयारीत आम्ही नाशिकहून काय करावे?

अकरावीची आई, गंगापूर रोड

नमस्कार. माझी मुलगी आठवीपासून सातारा जिल्ह्यातील एका निवासी शाळेत शिकते. सध्या ती अकरावी विज्ञानला आहे. बोर्ड सीबीएसई, विषय भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित. दिवाळीच्या सुट्टीत ती घरी आली तेव्हा सोसायटीतील तिच्या बरोबरीच्या मुलांचा दिनक्रम पाहून आमच्या पोटात गोळा आला. ती मुले दहावीची परीक्षा संपताच क्लासला लागली आहेत, सकाळी साडेसहाला घराबाहेर पडतात आणि दर रविवारी सराव परीक्षा देतात. आमच्या मुलीचे मात्र शाळेचे तास, संध्याकाळचा खेळ आणि रात्रीचा दोन तासांचा सक्तीचा अभ्यास, एवढेच चालू आहे. तिच्या बाबांचे म्हणणे आहे की तिला बारावीसाठी नाशिकला आणावे आणि येथील क्लासला घालावे. मला ते पटत नाही, पण ठामपणे नाही म्हणण्याइतकी माहितीही माझ्याजवळ नाही.

दुसरी गोष्ट अशी की भाऊबीजेच्या रात्री ओवाळणीचे ताट आवरताना तिने सहज बोलल्यासारखे सांगितले की तिला इंजिनिअरिंगला नव्हे, आर्किटेक्चरला जायचे आहे. आम्ही दोघेही त्यावर काही बोललो नाही. चौथ्या दिवशी ती शाळेत परत गेली आणि तो विषय तसाच राहिला.

तिसरी गोष्ट लिहिताना मला वाईट वाटते. दर रविवारी दुपारी तिला रेक्टरच्या कार्यालयातून दहा मिनिटे फोन करता येतो. माझा पहिला प्रश्न असतो, 'या आठवड्याच्या चाचणीत किती पडले?' ती म्हणते, 'बरे पडले.' मागच्या रविवारी ती म्हणाली, 'आई, मागे मुली थांबल्या आहेत, ठेवते,' आणि फोन ठेवून मी घड्याळ पाहिले तर सहाच मिनिटे झाली होती.

ज्यांची मुले वसतिगृहात राहून या परीक्षांना बसली, त्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

निफाडकर

ताई, शाळा बदलण्याचा विचार आधी बाजूला ठेवावा असे मला वाटते. सीबीएसईमध्ये बारावीच्या बोर्ड परीक्षेसाठीची नोंदणी अकरावीतच होते आणि थेट बारावीत दुसऱ्या शाळेत प्रवेश हवा असेल तर पालकांची बदली झाल्यासारखे सबळ कारण आणि बोर्डाची परवानगी लागते. क्लास लावायचा आहे हे त्यात बसणारे कारण नाही. नाव एका शाळेत आणि मुलगी दिवसभर क्लासमध्ये, असा मार्ग कोणी सुचवलाच तर तोही धरू नका. बोर्डाला ७५ टक्के हजेरी लागते आणि अशा नावापुरत्या शाळांवर बोर्डाने अलीकडे कारवाई चालवली आहे.

सातारा जिल्ह्यात शिकण्याचा एक परिणाम मात्र माहीत असू द्या. महाराष्ट्रातील इंजिनिअरिंगच्या प्रवेशांत पुष्कळ महाविद्यालयांच्या जागा गृह विद्यापीठ आणि गृह विद्यापीठाबाहेरचे अशा विभागल्या जातात, आणि दहावी-बारावी दोन्ही राज्यातच झालेल्यांचे गृह विद्यापीठ बारावी कोठे केली त्यावरून ठरते. म्हणजे घर नाशिकला असूनही तुमची मुलगी पुणे विद्यापीठाच्या नव्हे, तर कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाच्या क्षेत्रातील धरली जाईल. मागच्या वर्षांच्या कटऑफ याद्या पाहताना प्रवर्गाच्या संकेताचे शेवटचे अक्षर एच (गृह विद्यापीठ), ओ (गृह विद्यापीठाबाहेरचे) की एस (राज्य पातळी) हे बघत चला, नाहीतर नाशिकच्या महाविद्यालयाचा भलताच आकडा मनात धरून बसाल. आमच्याकडून ती चूक झाली होती.

आता कागदपत्रे. घरी बसलेल्या पालकांनी अकरावीच्या वर्षात करायचे खरे काम माझ्या मते हेच आहे. तुम्ही आरक्षित प्रवर्गात असाल तर जात पडताळणीचा अर्ज आताच करा. मुलगी कोठेही शिकत असली तरी प्रकरण आपल्या जिल्ह्याच्या समितीकडे चालते, पण त्याला शाळेच्या प्राचार्यांचे सही-शिक्क्याचे पत्र लागते आणि ते परजिल्ह्यातील शाळेतून यायला वेळ जातो. ओबीसींसाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा महसुली किंवा शालेय पुरावा मागतात. आमच्या मुलाचे प्रकरण आम्ही बारावीची परीक्षा झाल्यावर हाती घेतले. माझ्या आजोबांच्या शाळेच्या दाखल्यावर आडनावाच्या जागी 'पाटील' एवढेच लिहिलेले निघाले. द्राक्षबागेची एप्रिलची खरड छाटणी अंगावर असताना मी गावची शाळा, तहसील आणि समितीचे कार्यालय असे सतरा हेलपाटे घातले, तरी प्रमाणपत्र प्रवेशाच्या पहिल्या फेरीनंतर आले आणि मुलाला ती फेरी खुल्या प्रवर्गातून खेळावी लागली. अर्जाची पावती चालते का, हे त्या त्या वर्षीच्या नियमांवर असते. त्या भरवशावर राहू नका. नॉन क्रीमी लेयरचे, म्हणजे कुटुंब प्रगत गटात मोडत नसल्याचे प्रमाणपत्र मात्र घाईने काढू नका, कारण प्रवेशाच्या वर्षानंतर येणाऱ्या ३१ मार्चपर्यंत त्याची मुदत असावी लागते.

आणखी एक. आधार कार्डावरील नाव आणि दहावीच्या गुणपत्रिकेवरील नाव अक्षर न् अक्षर जुळते का, ते आजच पाहा. जेईई मेन या देशपातळीवरील प्रवेश परीक्षेच्या जानेवारी सत्राचे अर्ज साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये भरले जातात. मुलीजवळ फोन नसणार, म्हणजे ओटीपी तुमच्या मोबाईलवर येईल आणि अर्जही तुम्हीच भराल. पुढल्या दिवाळीत ती परत जाण्यापूर्वी तिची सही आणि नियमात बसणारा फोटो घेऊन ठेवा.

पंचवटीतील कलाशिक्षिका

आपल्या मुलीने आर्किटेक्चरचे नाव काढले आणि घरात कोणी काही बोलले नाही, हे वाचून राहवले नाही म्हणून लिहिते आहे. अकरावीत हे सांगणारी मुलगी अगदी वेळेवर सांगते आहे. माझ्याकडे बारावीचा निकाल लागल्यावर धावत येणारी मुले अधिक असतात.

या अभ्यासक्रमासाठी कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरची नाटा ही परीक्षा किंवा जेईई मेनचा दुसरा पेपर द्यावा लागतो. नाटा २०० गुणांची असते. त्यातील ८० गुण कागदावर हाताने काढायच्या चित्रांना आणि रचनेला, उरलेले १२० संगणकावरील भागाला. इंजिनिअरिंगपेक्षा येथे एक मोठा फरक आहे. राज्यातील इंजिनिअरिंगची गुणवत्ता यादी सीईटी या राज्याच्या प्रवेश परीक्षेतील पर्सेंटाइलवर लागते आणि बारावीचे गुण पात्रतेपुरते पाहिले जातात, तर आर्किटेक्चरच्या यादीत बारावीचे गुण आणि प्रवेश परीक्षेचे गुण निम्मे-निम्मे धरतात. तेव्हा वसतिगृहात शांतपणे होणारा शाळेचा अभ्यास, ज्याची आपल्याला आज काळजी वाटते आहे, तो तिच्या निम्म्या यादीचा पाया आहे.

तिला रोज एक रेखाटन करायला सांगा. जिना, बादली, चपलांचा ढीग, काहीही चालेल. फोटोवरून मात्र काढू नये. सुट्टीत ती आली की सकाळी लवकर तिला नारोशंकराच्या देवळापाशी घेऊन या. त्या तटबंदीचे कोपरे आणि कोपऱ्यांवरच्या छत्र्या काढताना जवळचे मोठे आणि लांबचे लहान कसे दिसते, हे हाताला जितके कळते तितके पुस्तकातून कळत नाही. मुलीला हे खरेच मनापासून हवे आहे की नाही, हेही आपल्याला महिनाभराच्या वहीतून दिसेल.

सातपूरचा पालक

थोडक्यात एवढेच की इंजिनिअरिंगचा मार्ग उघडा ठेवायचा असेल तर सीईटी विसरू नये. ती राज्य मंडळाच्या पुस्तकांवर आधारलेली असते, साधारण २० टक्के भाग अकरावीचा आणि ८० टक्के बारावीचा असतो, चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत आणि २०० पैकी १०० गुण एकट्या गणिताचे असतात. सीबीएसईच्या मुलांना त्या पुस्तकांची ओळखच नसते. बालभारतीच्या संकेतस्थळावरून ती विनामूल्य उतरवून घेता येतात. आम्ही छापून, बांधून मुलाला पार्सलने पाठवली होती.

निवृत्त रेक्टर, नाशिक रोड

ताई, मी एकोणीस वर्षे वसतिगृहात रेक्टर होतो. फोन माझ्याच टेबलावर असे, त्यामुळे शेकडो मुलांच्या बोलण्याची एक बाजू नकळत कानावर पडत असे. 'हो', 'बरे पडले', 'करतो', 'ठेवतो' एवढ्याच शब्दांचा फोन कोणत्या प्रश्नाने सुरू झाला असेल, हे मला पलीकडचा आवाज न ऐकताही कळत असे. असा फोन ठेवून मुलगा वर गेला की तो पुस्तक उघडत नसे, पलंगावर पडून राहत असे. मी स्वतः रात्रीच्या फेरीला पाहिले आहे.

गुणांची चौकशी करू नका असे मी म्हणत नाही. ती शिक्षकांकडे करा. वर्गशिक्षकांना विनंती करून महिन्यातून एक दिवस ठरवून घ्या आणि चाचण्यांचे गुण, हजेरी, कोणत्या विषयात ती मागे पडते, हे त्यांच्याकडून ईमेलने मागवा. चांगली शाळा याला नाही म्हणत नाही. रविवारची दहा मिनिटे मग तिची तिला मिळतील.

निवासी शाळेत एक सोय अशी असते, जी शहरातल्या क्लासला पैसे मोजूनही मिळत नाही. गणिताचे शिक्षक तेथेच आवारात राहतात आणि मुलगी रात्री आठ वाजता अडलेले उदाहरण घेऊन त्यांच्याकडे जाऊ शकते. मात्र लाजरी मुले जात नाहीत. भेटीच्या दिवशी तुम्ही स्वतः तिला घेऊन त्या शिक्षकांना भेटा आणि आठवड्यातला एक वार ठरवून द्या. वेळ लावून सोडवायच्या सराव परीक्षांसाठी रविवारी सकाळी संगणक कक्ष उघडा ठेवावा, असे पाच-सहा पालकांनी मिळून लेखी कळवले तर तेही होते. आमच्याकडे असेच सुरू झाले.

एवढे मात्र लक्षात असू द्या की तिचा आवाज सलग दोन-तीन रविवार पडलेला वाटला, जेवण जात नाही किंवा झोप लागत नाही असे ती म्हणाली, तर पुढल्या रविवारची वाट न पाहता त्याच दिवशी रेक्टरना फोन करा, आणि जमल्यास गाडी काढून जाऊन या.

अकरावीची आई, गंगापूर रोड

आपणा सर्वांची मी मनापासून आभारी आहे. प्राचार्यांच्या पत्रासाठी शाळेला ईमेल केला आहे. आधार कार्डावर तिच्या बाबांच्या नावात एक अक्षर चुकलेले निघाले, त्याच्या दुरुस्तीला ते स्वतः जाऊन आले. बारावी तेथेच पूर्ण करू द्यायची, हे निफाडकरांचे उत्तर वाचून त्यांनीही मान्य केले. आर्किटेक्चरबद्दल त्यांचे मन अजून तयार नाही, पण नाटाची माहितीपुस्तिका त्यांनी काल रात्री बसून वाचली.

आज रविवार. मी गुणांचे काही विचारले नाही. वसतिगृहाच्या जिन्याला किती पायऱ्या आहेत, एवढेच विचारले. ती क्षणभर गप्प झाली आणि मग म्हणाली, 'बावीस. पण तू का विचारतेस?' मी रेखाटनाचे सांगितले, तेव्हा कळले की तिच्याजवळ अशी एक वही आठवीपासून आहे आणि ती आम्हाला कधी दाखवली नव्हती. तिने टू-बी, फोर-बी आणि सिक्स-बी पेन्सिली मागितल्या आहेत. बेदाणे आणि चिवड्याबरोबर उद्याच्या पार्सलमध्ये घालते आहे.