शेवटचं पूर्ण केलेलं पुस्तक कुठलं? (बडोदेकरांनो, ग्रंथपालांचे अनुभव लिहा)

१२ ऑगस्ट जवळ आला, म्हणजे ग्रंथपाल दिन. भारतातल्या ग्रंथालयशास्त्राचे जनक रंगनाथन यांचा जन्मदिवस. त्यांनी १९३१ साली मांडलेल्या पाच नियमांतला दुसरा नियम असा: प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक मिळालं पाहिजे. वाचायला सोपा आहे. पण समोर उभ्या असलेल्या माणसाचं पुस्तक कुठलं, हे कळतं कसं? तुमच्या हातात असं पुस्तक कुणी ठेवलं असेल तर इथे लिहा. तुम्ही स्वतः काउंटरच्या पलीकडे बसला असाल तर जरूर लिहा.

माझ्यापासून सुरुवात करते. सातवीत होते. दांडिया बाजारातल्या एका छोट्या लायब्ररीत आई मला 'चांगलं काहीतरी' आणायला पाठवायची. तिथले काका पुस्तक परत घेताना विचारायचे, "कसं वाटलं?" मी म्हणायची, "छान." एकदा म्हणाले, "शेवट पटला का?" मी गप्प. "कितव्या पानाशी सोडलंस?" रागावून नव्हे, डॉक्टर 'कुठे दुखतंय' विचारतात तसं. मी सांगितलं, ते नदीचं वर्णन सुरू झालं तिथे. "मग तुला बोलणारी माणसं हवीत," असं म्हणून त्यांनी एक रहस्यकथा काढून दिली. ती त्याच रात्री संपली. वर्णनं मी आजही गाळते, काकांना सांगू नका.

रावपुरावाला

आमच्या लायब्ररीतले भाऊ कधी कुणाला काही सुचवायचेच नाहीत. पण नुकती परत आलेली पुस्तकं लगेच कपाटात न लावता टेबलाच्या कोपऱ्यावर तशीच ठेवायचे. सगळे आधी त्या ढिगावर तुटून पडायचे. मला ते आळशी वाटायचे. पुढे कळलं की ढिगात अधूनमधून कपाटातलं, चार वर्षांत कुणी हात न लावलेलं एखादं पुस्तक ते स्वतः सरकवून ठेवत.

काउंटरवाली बेन

मी ग्रंथपाल होते, आता निवृत्त. (मराठी माणसंसुद्धा आम्हाला बेनच म्हणत.) जरा लांबेल, सांभाळून घ्या.

'तुला काय आवडतं?' हा प्रश्न मी पहिल्या वर्षातच सोडून दिला. त्याचं उत्तर कुणालाच देता येत नाही, मुलांना तर नाहीच. त्याऐवजी विचारायचं, 'शेवटचं पूर्ण केलेलं पुस्तक कुठलं?' आणि मग, 'त्यात काय आवडलं?' विषय फसवा असतो. शिवाजी महाराजांवरचं पुस्तक आवडलं म्हणणाऱ्या मुलाला इतिहास आवडला असेलच असं नाही. त्याला गडावरून निसटणं आवडलं असेल. त्याला दुसरं चरित्र देऊन उपयोग नाही, तुरुंगातून पळालेल्या कैद्याची गोष्ट द्यावी. अमेरिकेतल्या ग्रंथपाल नॅन्सी पर्ल सांगतात की पुस्तकात शिरायचे चार दरवाजे असतात: गोष्ट, माणसं, जागा आणि भाषा. कोण कुठल्या दरवाजाने आत जातं एवढंच ओळखायचं. वरच्या काकांनी नेमकं तेच केलं.

पुस्तकच वाचलेलं नसेल तर सिरियल चालते, क्रिकेट चालतं.

मोठी अडचण आईची. तेरा-चौदा वर्षांचा मुलगा उभा असतो, प्रश्न त्याला विचारला की उत्तर आई देते. "त्याला सायन्सचं द्या." मी आईंना दिवाळी अंकांच्या कपाटाकडे पाठवायचे, "नवीन आलेत, बघा तरी." दहा मिनिटं मिळायची, तेवढी पुरत. मग तीन पुस्तकं समोर ठेवायची: एक त्याने सांगितलं त्याच्यासारखं, एक जरा बाजूचं, एक अगदीच भलतं. ठेवायची आणि आपण रजिस्टरात डोकं घालायचं. बघत बसलं की मूल आपल्याला खूश करायला उचलतं. भलतं उचलणारे खूप निघाले.

वयात येताना शरीरात होणाऱ्या बदलांवरची पुस्तकं मी काउंटरवरून दिसणार नाही अशा कपाटात ठेवली होती. ती घरी नेणारं कुणी नव्हतं. पण पानं मऊ पडली होती.

एक चूक मात्र अजून बोचते. नववीतल्या एका मुलाचे वडील गेले होते. महिन्याभराने तो आला, आणि मी शहाणपणा करून वडील गमावलेल्या मुलाची कादंबरी त्याच्या हातात दिली. दुसऱ्या दिवशी परत. न वाचता. म्हणाला, "बेन, हसायचं काही आहे का?" तेव्हापासून दुःखावर औषध म्हणून पुस्तक द्यायचं मी बंद केलं. कुणी आपणहून मागितलं तरच.

दुसरा दरवाजा

बेन, पुस्तक अर्ध्यात टाकलं तर चालतं का हो? मला अजून अपराधी वाटतं.

काउंटरवाली बेन

बिनधास्त टाका. त्याच नॅन्सीबाईंचा हिशेब आहे: पन्नाशीपर्यंत ५० पानं वाचून बघायची. पन्नाशीनंतर १०० मधून वय वजा करायचं. मी ६७ ची, मला ३३ पानं पुरतात.

मांगाभक्त

मी १६ वर्षांचा आहे. आईने हा धागा पाठवला. घरी मराठी बोलतो पण शाळा इंग्रजी, बाहेर गुजराती. हिंदीमुळे देवनागरी येते, पण मराठी वाचताना खूप हळू जातो आणि 'ळ' आला की अडखळतो. मी पुस्तकाला चोपडी म्हणतो म्हणून आजी चिडते.

लायब्ररीतल्या ताईंना मी सरळ सांगितलं की मी फक्त मांगा (जपानी चित्रकथा) वाचतो. मला वाटलं आता लेक्चर. त्या म्हणाल्या, दाखव. त्यांनी डावीकडून उघडलं. मी सांगितलं की जपानी उजवीकडून वाचायचं असतं. त्यांनी माझ्यासमोर चार पानं उलटी वाचून बघितली, दोनदा चुकल्या. मग म्हणाल्या, "यात वर्णन नाहीच, नुसतं बोलणं आणि चित्र." आणि मला एकांकिकांचं पुस्तक दिलं. छोटी वाक्यं, कोण बोलतंय ते बाजूला लिहिलेलं. आजीबरोबर पात्रं वाटून मोठ्याने वाचतो. आजी खलनायक भारी करते. मांगा अजून वाचतोच.

पस्तीवाल्याचा गिऱ्हाईक

सगळं गोड चाललंय म्हणून थोडं कडू. माझ्या शाळेत (नाव नको) लायब्ररीचा तास असायचा, पुस्तकं कुलपात. हजेरी क्रमांकाने वाटप: १ ते १० पहिल्या खणातली, ११ ते २० दुसऱ्या. माझा नंबर ३४, तो खण व्याकरणाचा. बदलून मागितलं तर "हे तुझ्या वयाचं नाही." वयाचं कुठलं, ते कधीच सांगितलं नाही. मी वाचायला शिकलो न्यायमंदिरामागच्या पस्तीवाल्याकडे, म्हणजे रद्दीवाल्याकडे. किलोवर घ्यायचो, वाचून किलोवर परत. त्याला अक्षरओळख जेमतेम, पण "हे कालच्यासारखंच, घे" म्हणायचा आणि बरोबर निघायचं. मुखपृष्ठ बघायचा बहुतेक.

पेटीतली पुस्तकं

आणि हे आपल्या बडोद्यात, याचं जास्त वाईट वाटतं. सयाजीराव महाराजांनी १९१० मध्ये अमेरिकेहून ग्रंथपाल बॉर्डनसाहेबांना बोलावून संस्थानभर ग्रंथालयांचं जाळं उभं करायला घेतलं. राजवाड्यातला स्वतःचा संग्रह सेंट्रल लायब्ररीला दिला. गावोगाव लाकडी पेट्यांतून फिरती ग्रंथालयं जात. आमचे पणजोबा तालुक्याच्या गावी मास्तर होते. पेटी त्यांच्याकडे उतरायची. ते संध्याकाळी ओट्यावर बसून एका पुस्तकाचं पहिलं प्रकरण मोठ्याने वाचत आणि ऐन रंगात आलं की थांबत. "पुढचं ज्याला हवं त्याने घेऊन जा." ही घरात चालत आलेली गोष्ट, मीठमसाला लागला असेल.

मांडवीच्या सेंट्रल लायब्ररीत माझ्या काकांनी मला लहानपणी एकदा आत नेलं होतं. कपाटांच्या मजल्यांना जाड काचेच्या लाद्या, वरचा उजेड खालपर्यंत झिरपावा म्हणून. वर कुणी चाललं की पावलांच्या सावल्या डोक्यावरून सरकायच्या. पुस्तक कुठलं घेतलं ते आठवत नाही.

रावपुरावाला

महाराजांचं सगळं खरं, पण आपण बडोदेकर त्याच गादीवर लोळतो. आज मराठी कपाटापुढे कोण उभं असतं ते बघा.

काउंटरवाली बेन

उभं करावं लागतं. पुस्तकांना विषयवार क्रमांक देतात त्या दशांश वर्गीकरणात मराठी साहित्याचा क्रमांक ८९१.४६ आणि गुजरातीचा ८९१.४७, म्हणजे दोन्ही शेजारी. आमच्याकडे गुजराती कथा शोधायला आलेली एक मुलगी एक खण चुकून मराठीत शिरली. आडनाव मराठी, पण वाचायचं कधी मनातच आलं नव्हतं. मी चूक दुरुस्त केली नाही. तिने नेलेलं पुस्तक तीनदा मुदत वाढवून घेतलं. दंड मी लावला नाही, हे आता सांगायला हरकत नसावी.

घाईतली आई

सुंदर धागा! मुलगी १३ वर्षांची, काहीच वाचत नाही, सारखा मोबाईल. बेन, प्लीज दहा चांगल्या मराठी पुस्तकांची यादी द्या ना, आजच मागवते.

काउंटरवाली बेन

यादी नाही देत. आधी तिला विचारा, शेवटचं पूर्ण केलेलं पुस्तक कुठलं. मग बघू.

घाईतली आई

विचारलं. म्हणाली, "आधी तू सांग."