मदत हवी आहे: कैस सईद की तेबून? क्रमवारी रोज उलटतेय

घाईगडबड: ट्युनिशियाचे राष्ट्राध्यक्ष कैस सईद आणि अल्जीरियाचे राष्ट्राध्यक्ष तेबून, दोघांच्या ऑनलाइन लोकप्रियतेची क्रमवारी लावतोय. काल सईद वर, आज तेबून. मी काहीच बदललेलं नाही. उद्या सकाळी तक्ता द्यायचाय, लवकर सांगा.

पाटीपेन्सिल: कुठल्या साधनावर? कालावधी? देश? नाव कुठल्या लिपीत?

घाईगडबड: गूगल ट्रेंड्स, गूगलवर कोण किती शोधलं जातं ते दाखवणारं, दुसरं काय! गेले सात दिवस. 'सईद' अरबीत टाकलं.

पाटीपेन्सिल: सात दिवसांची खिडकी रोज पुढे सरकते, मग बदललं नाही कसं? तिथला 100 म्हणजे शोधांची संख्या नव्हे. आलेखातलं सर्वांत उंच टोक 100 धरतात, बाकी सगळं त्याच्या प्रमाणात. मापपट्टीमुळे क्रम उलटत नाही, खिडकी सरकल्याने उलटतो. 'पासून-पर्यंत' तारखा पक्क्या करा. आकडे नमुन्यावरून काढलेले असतात, म्हणून चार-पाच दिवस तीच सीएसव्ही (आकड्यांची फाइल) उतरवून सरासरी घ्या. फरक किरकोळ असेल तर नंबर देऊच नका.

अलिफ_बे: खरी गडबड नावात आहे. नुसतं 'सईद' टाकलंत तर 'ईद सईद' म्हणून शुभेच्छा शोधणारेही त्यात आले. शिवाय 'शब्द' निवडला की टाइप केलेली अक्षरंच मोजतात, फ्रेंच आणि इंग्रजी स्पेलिंगं बाहेर. 'विषय' निवडा, सगळ्या लिप्या एकत्र येतात.

ठोकताळा: ट्रेंड्स सोडा हो. विकिपीडियाचे पेजव्ह्यूज (पान किती वेळा उघडलं) घ्या, जुलै 2015पासूनचे खरे आकडे मिळतात. लँगव्ह्यूज या साधनात सगळ्या भाषा एका तक्त्यात. तिथे 'एजंट' (पान कोणी उघडलं) हा पर्याय 'युजर'वर ठेवा, नाहीतर बॉटही वाचक ठरतात.

पाटीपेन्सिल: त्यात भाषा कळते, देश नाही. फ्रेंच पान ट्युनिसमध्ये उघडलं की पॅरिसमध्ये?

ठोकताळा: आणि तुमच्या नमुन्यात सगळं कळतं वाटतं!

रीलराजा: फॉलोअर वाढवायचे असतील तर रोज संध्याकाळी रील टाका.

अलिफ_बे: कुणी विचारलं?

मतपेटी: मुळात शोध म्हणजे पसंती नव्हे. 25 जुलै 2021ला सईदांनी पंतप्रधान हटवले, संसद गोठवली. त्या दिवशी नाव शोधणाऱ्यांत खूश किती, चिडलेले किती, हे आलेख सांगत नाही. 2024च्या अध्यक्षीय निवडणुकीत त्यांना 90.69 टक्के मतं पडली, मतदान मात्र 28.8 टक्के. तेबूनांचं तर त्याच वर्षीच्या निवडणुकीत आधी 94.65 टक्के जाहीर झालं, मग घटनात्मक न्यायालयाने 84.30वर आणलं. पसंती हवी तर अरब बॅरोमीटरचं (अरब देशांतलं जनमत चाचपणारी संस्था) सर्वेक्षण बघा, तक्त्यावर 'शोधातील चर्चा' लिहा.

घाईगडबड: शीर्षक बदलता येणार नाही, वरून आलंय. विषय निवडले, तारखा पक्क्या केल्या. आता सईद फारच वर, तेबून जवळपास शून्य!

पाटीपेन्सिल: देश अजून सांगितला नाहीत.

घाईगडबड: ट्युनिशियाच ठेवलाय की.

पाटीपेन्सिल: अहो, मग तेबून तिथे पाहुणेच! 'जागतिक' करा, नाहीतर दोन देशांचे दोन तक्ते द्या.