क्लिअर आणि पर्ज: नोडची नोंद पुसायची, खोडायची की कमी करायची?

दप्तरी
हेकनेट या हौशी जाळ्यावर जुनी यंत्रं चालवणाऱ्यांसाठी, डेकनेट फेज ४ या डिजिटल कंपनीच्या जुन्या नेटवर्क प्रणालीतल्या एनसीपी (जाळ्याची व्यवस्था बघणारा प्रोग्रॅम) आज्ञांची मराठी टिपणं करतोय. एका जागी अडलोय. नोडची, म्हणजे जाळ्यातल्या यंत्राची, सेटिंग काढायला तिथे दोन क्रियापदं आहेत. ‘क्लिअर’ ती मेमरीतल्या चालू नोंदवहीतून काढतं, ‘पर्ज’ डिस्कवरच्या कायम नोंदवहीतून. मी दोन्हीकडे ‘काढून टाका’ लिहिलं होतं. मजकूर तपासणाऱ्यांनी पर्जचं ‘समूळ नष्ट करा’ केलं. ते पटत नाही, पण नेमका शब्दही सापडत नाही.

तारयंत्र
‘समूळ’ चूकच आहे. समजा ‘कोयना’ नावाचा नोड २.१३ या पत्त्यावर आहे. ‘पर्ज नोड कोयना ऑल’ दिलंत की नेटनोड_रिमोट.डॅट या कायम नोंदवहीच्या फाइलमधली नोंद जाते, आणि लगेच ‘शो नोड कोयना’ केलंत तर नाव जागच्या जागी! ‘लिस्ट नोड कोयना’ केल्यावर मात्र मिळत नाही. उलट फक्त क्लिअर केलंत तर आज नाव गेलं, पण यंत्र बंद करून चालू केलं किंवा कुणी ‘सेट नोन नोड्स ऑल’ दिलं की कायम नोंदवहीतून पुन्हा हजर. मूळ कुठलंच एकटं उपटत नाही. नोड खरोखर काढायचा तर दोन्ही आज्ञा द्याव्या लागतात. सेट, क्लिअर, शो चालू नोंदवहीच्या घरातले. डिफाइन, पर्ज, लिस्ट कायम नोंदवहीच्या घरातले. फरक जोराचा नाही, जागेचा आहे.

बोरूबहाद्दर
मग सोपं आहे की. क्लिअर म्हणजे ‘पुसणे’, पर्ज म्हणजे ‘खोडणे’. पाटीवरचं पुसतात, वहीतलं खोडतात.

निरुक्तप्रेमी
पाटी-वहीची उपमा छान, पण ‘पुसणे’ दोन आहेत हे विसरू नका. संतवाङ्मयातलं ‘पुसणे’ म्हणजे विचारणे, ते ‘पृच्छ्’वरून, स्वच्छ करणारं ‘पुसणे’ ‘प्रोञ्छ्’वरून. ‘नोड पुसा’ वाचून कुणी नोडची चौकशी करायला बसेल. :)

तारयंत्र
चौकशीला ‘शो’ आहे. माझी हरकत ‘खोडणे’वर आहे. खोडलेलं खाली वाचता येतं. पर्ज केलेलं वाचता येत नाही, परत फिरवण्याची आज्ञाही नाही. म्हणून आधी ‘लिस्ट नोन नोड्स कॅरेक्टरिस्टिक्स’चा निकाल ‘टू’ लावून फाइलमध्ये घ्यावा आणि डॅट फाइलची प्रतही ठेवावी. हे न करता ‘पर्ज नोन नोड्स ऑल’ दिलं की शेजारच्या यंत्राकडून ‘कॉपी नोन नोड्स’ने नावं आणि पत्ते परत येतात, तेवढेच. लोड फाइल, सर्व्हिस सर्किट, हार्डवेअर पत्ता हे काही येत नाही. त्या नोंदींवर जे डिस्कविरहित नोड बूट होतात ते अडकतात, आणि तेही पुढच्या बूटच्या वेळी, म्हणजे कारण कुणाला आठवत नाही तेव्हा.

सातबारा
यासाठी मराठीत रुळलेला प्रयोग आहे: नाव कमी करणे. रेशनकार्डातून, शाळेच्या पटावरून, सातबाऱ्यावरून नाव ‘कमी’ करतात. मतदारयादीतून ‘वगळतात’. ‘कोयनाचं नाव चालू वहीतून कमी करा’, ‘कायम वहीतून कमी करा’. क्रियापद एकच, जागा वेगळी. वर तारयंत्र म्हणतात तेच.

बोरूबहाद्दर
सातबाऱ्यावर कमी केलेल्या नावाला कंस होतो, जुनं नाव दिसत राहतं. म्हणजे खोडण्याचीच हरकत तुम्हालाही लागू.

सातबारा
कंस ही लिहिण्याची पद्धत झाली. ‘कमी करणे’ या शब्दाचा तो अर्थ नाही. पटावरून नाव कमी केलं म्हणताना कुणाच्या मनात कंस येत नाही.

मोबाइलवाला
एवढं कशाला? सगळ्या फोनमध्ये ‘हटवा’ आहे. लोकांना कळतं.

निरुक्तप्रेमी
कळतं, म्हणून ते मराठी होत नाही. आपण ‘मागे हटतो’, ‘अतिक्रमण हटवतो’. नोंद हटवणं ही हिंदीची उसनवारी. विकिपीडियावर मराठी मंडळींनी ‘वगळा’ वापरला, तो बरा.

मोबाइलवाला
‘दप्तर’ फारसीतून आलेलं चालतं, ‘हटवा’ शेजारून आलं की विटाळ?

दप्तरी
माझ्या नावावर येऊ नका. :) आणखी एक पेच. ‘क्लिअर एक्झिक्युटर नोड’ हे ‘एक्झिक्युटर नोड कमी करा’ असं लिहिलंय. बरोबर ना?

तारयंत्र
अजिबात नाही! त्यात काहीच काढलं जात नाही. ‘सेट एक्झिक्युटर नोड कोयना’ दिल्यावर पुढच्या आज्ञा कोयनावर चालतात. ‘क्लिअर एक्झिक्युटर नोड’ने सूत्रं परत आपल्या यंत्राकडे येतात. इथे ‘आज्ञा पुन्हा इथेच चालवा’ असंच लिहा. हे विसरलेला माणूस आपल्या यंत्रावरचा नोड काढतोय असं समजून दूरच्या यंत्रावरचा काढतो. एकदाच काम असेल तर ‘टेल कोयना’ लावून आज्ञा द्यावी, सूत्रं हलतच नाहीत.
आणि पर्जचीही जुळी बहीण आहे. व्हीएमएस या यंत्रांच्या कार्यप्रणालीत डॉलर प्रॉम्प्टवर ‘पर्ज’ म्हणजे फाइलच्या जुन्या आवृत्त्या काढून सर्वांत नवी ठेवणे. ती छाटणी झाली. एकाच यंत्रावर, प्रॉम्प्ट बदलला की अर्थ बदलतो.

बोरूबहाद्दर
डेबियन या लिनक्स प्रणालीत तिसराच अर्थ. ‘रिमूव्ह’ने प्रोग्रॅम जातो, सेटिंगच्या फाइली राहतात, ‘पर्ज’ने त्याही जातात. तिथे ‘समूळ’ शोभतं. तपासणारे तिकडचे असावेत.

निरुक्तप्रेमी
पर्जचा लॅटिन अर्थ शुद्ध करणे. वैद्यकात ‘रेचक’. ‘कोयनाला रेच द्या’ हेही भाषांतरात नोंदवून ठेवा.

सातबारा
नोडलाच मराठी शब्द का नाही? ‘पेर’ घ्या. उसाच्या दोन कांड्यांमधला सांधा.

शिवार
आमच्याकडे पेर म्हणजे दोन सांध्यांमधला भाग. सांध्याला डोळा असतो, तो वेगळा.

सातबारा
डोळा म्हणजे फुटवा येतो ती जागा. सांधा आणि डोळा एक नव्हेत.

तारयंत्र
ऊस राहू द्या. दप्तरी, एक टीप मात्र घाला: नाव कमी केलं म्हणजे यंत्र जाळ्याबाहेर गेलं असं नाही. दूरच्या यंत्रात शिरायचं ‘सेट होस्ट २.१३’ पत्त्याने तरीही चालतं. पत्त्यातला २ हा विभाग, १३ हा त्यातला नोड: २ गुणिले १०२४ अधिक १३, म्हणजे २०६१. तोच आकडा (हेक्साडेसिमलमध्ये ०८०डी, बाइट उलटे) इथरनेट पत्त्यात एए-००-०४-००-०डी-०८ असा शिरतो, त्याला नावाची गरज नाही. आणि क्लिअरला ‘ओपर’ अधिकार पुरतो, पर्जला ‘सिसप्रिव्ह’ लागतो. म्हणून ओपरवाला नोड काढतो, आणि रीबूटनंतर तो परत आला म्हणून तक्रार येते.

दप्तरी
टीप घालतो. ‘चालू वहीतून कमी’ आणि ‘कायम वहीतून कमी’ असं तूर्त ठेवलंय, ‘वही’ की ‘दप्तर’ ते राहिलं. आता ‘झीरो नोड काउंटर्स’. गणक शून्य करा, की शून्यावर आणा?

शिवार
पेर आणि कांडी एकच का, ते आधी मिटवा.