चर्चच्या प्रीतिभोजनाचा स्वयंपाक अंगावर घेतलाय, २५० माणसं, मदत करा

पुण्याची_सून: सलाम सगळ्यांना. आमच्या चर्चचा कापणीचा सण आहे पुढच्या महिन्यात, उपासना झाली की लोकांनी आणलेल्या वस्तूंचा लिलाव आणि मग प्रीतिभोजन, म्हणजे सगळ्यांचं एकत्र जेवण. दरवर्षी दोन मावश्या सगळं बघायच्या, यंदा एकीच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय आणि दुसऱ्या मावशी त्यांच्या मुलाकडे गेल्यात. मीटिंगमध्ये पाळक साहेबांनी विचारलं कोण करणार तर सगळे खाली बघायला लागले आणि माझ्या तोंडून निघून गेलं, मी बघते. आता झोप लागत नाहीये 😅 घरी जास्तीत जास्त २५ जणांचं केलंय. मेनू ठरलाय चिकन रस्सा, चपाती, भात, साधी डाळ (३०-४० जण व्हेज आहेत) आणि कांदा-काकडी. मटण बजेटमध्ये बसत नाही. मदतीला महिला मंडळाच्या ६ जणी आणि तरुण संघाची पोरं, ती किती येतील देव जाणे. घरची रेसिपी दहापट केली तर चालेल का? आणि चिकन किती आणायचं?

जुना_वाढपी: ताई, पहिली गोष्ट दहापट करू नका. तिखट आणि गरम मसाला तर अजिबात नाही, हिशोबाच्या निम्म्यापेक्षा थोडा जास्त घाला, मग चव बघून वाढवा. पाणी पण तसंच, मोठ्या पातेल्यात ते त्या मानानं कमी आटतं, घरच्या अंदाजाने ओतलं तर रस्सा नुसता पाण्यासारखा. मीठ दोन-तीन हप्त्यांत.
चिकन हाडासकट माणशी २०० ग्रॅम धरा, व्हेजवाले वजा केले तर ४२-४३ किलो होतं, ४५ सांगा. कांदा ९-१० किलो. एकाच भांड्यात करू नका, दोन पातेली करा, एक खाली लागलं तर दुसरं तरी वाचेल (आमचं एकदा लागलं होतं, त्या दिवसापासून मी हे सगळ्यांना सांगतो). चिकन आदल्या रात्री आणून ठेवायचं नाही, ४५ किलो मावेल एवढा फ्रीज कोणाकडे असतो? दुकानदाराला सांगा सकाळी ६ ला कापून द्यायला. कांदे कापणं, वाटण भाजणं एवढंच आदल्या दिवशी.

नगरची_लेक: रस्सा दाट करायला खोबऱ्याचा खर्च करत बसू नका, येसूर वापरा!! आमच्या नगरकडे गावजेवणाला तेच असतं, धान्य आणि डाळी भाजून मसाल्यासकट दळलेलं पीठ. आधी गार पाण्यात कालवून मग उकळत्या रश्शात सोडायचं, कोरडं टाकलं तर गोळ्या होतात आणि त्या २५० लोकांच्या ताटात जातात 😂 आणि चपात्या तिथे लाटायच्या नादाला लागू नका प्लीज. माणशी ३ म्हटलं तरी ७५०, सहा जणी दिवसभर तेच करत बसतील. आमच्याकडे घरटी १५ चपात्या आणायच्या असं आदल्या रविवारी जाहीर करतात. कोणाच्या जाड कोणाच्या पातळ येतात पण येतात. कमी पडतील वाटलं तर १०० चपात्या पोळी केंद्रात सांगून ठेवा.

कॅम्पातला_काका: स्पष्ट बोलतो, राग मानू नका. आचारी लावा. माणशी थोडे पैसे जास्त जातील पण बायकांना उपासनेला बसता तरी येईल. दरवर्षी सणाच्या दिवशी निम्म्या बायका मागे धुरात असतात आणि आपण पुढे उपकारस्तुतीची गाणी म्हणतो, हे मला कधीच पटलं नाही.

जुना_वाढपी: काकांचं खरं आहे पण त्याला उपाय आचारी नाही, पुरुषांनी मागे यावं. मी २० वर्षं पातेली उचलतोय.
बरं ताई, मुख्य मुद्दा राहिला, तो म्हणजे वेळ. जेवण बिघडतं ते लिलावामुळे! तुम्हाला सांगतील १२ ला लिलाव संपेल, नाही संपत, एका भोपळ्यावर दोन घराणी पेटली की १ वाजलाच म्हणून समजा. रस्सा, डाळ मंद आचेवर गरम राहतात, भात नाही राहत, लगदा होतो. म्हणून अर्ध्या वस्तू विकल्या गेल्या की मगच भात टाका, एका पोराला आत बसवा निरोप द्यायला. तांदूळ १८-२० किलो बास, जुना कोलम, एका पातेल्यात ५ किलोच्या वर नको, आणि वेळून करा, म्हणजे भरपूर पाण्यात शिजवून पेज काढून टाकायची, पाण्याचं माप चुकायची भीतीच नाही. कमर्शियल सिलेंडर एक जास्तीचा ठेवा.

वसईचा_पोऱ्या: आमच्या पॅरिशमध्ये (म्हणजे आमच्या भागातल्या चर्चमध्ये) वाढायला ठरलेली माणसं असतात, चिकनच्या पातेल्यावर तर खमकीच बाई लागते. लोकांना स्वतः घेऊ दिलं तर पहिले १०० जण लेग पीस नेतात आणि शेवटच्यांना मान आणि रस्सा. बायबलमध्ये पौलाने करिंथ गावच्या मंडळीला पत्रात झापलं होतं ते याच्यावरूनच की, एक उपाशी आणि एक झिंगलेला. स्वयंपाक करणाऱ्यांचा डबा आधी बाजूला काढा. उरलेला भात संध्याकाळी कोणाला बांधून देऊ नका, दुपारभर बाहेर राहिलेला भात पोट बिघडवतो.

पुण्याची_सून: सगळ्यांचे खूप आभार. चपात्यांचं या रविवारी जाहीर करायला सांगते. काकांचं नवऱ्याला वाचून दाखवलं, तो म्हणतो कांदे मी कापतो. १० किलो म्हणजे किती ते अजून सांगितलेलं नाही. नगरची_लेक, पुण्यात येसूर तयार मिळतो का कुठे, की तुमच्याकडूनच मागवू?

नगरची_लेक: सासूबाई घरी करतात, २ किलो पाठवते, एसटीने येणारं कोणीतरी असतंच. पैशाचं नंतर बघू, आधी ते कांदे कापून होऊ द्या.