फॅटी लिव्हरच्या औषधाची उंदरांवर चाचणी: कंट्रोल गटाचंच वजन उतरतंय

प्रश्न (पाषाण, पुणे): सी५७ब्लॅक/६ या प्रयोगशाळेतल्या जातीचे नर उंदीर, ६० टक्के कॅलरी चरबीतून मिळणारा आहार, ८ आठवडे. वजन छान वाढलं. पण गॅव्हाज (नळीने थेट पोटात डोस देणं) सुरू करताच नुसतं व्हेइकल (औषध न घातलेलं द्रावण) मिळणाऱ्या कंट्रोल गटाचंही वजन उतरायला लागलं. आता औषधाचा परिणाम ओळखायचा कसा?

उत्तर १: हा हाताळणीचा ताण आहे. आधी ५-७ दिवस सगळ्यांना व्हेइकलच पाजा, १० मिली प्रतिकिलोच्या आत. वजन स्थिरावल्यावरच गट पाडा. शिवाय ८ आठवडे कमी पडतात. १२ ते १६ होऊ द्या.

उत्तर २: औषध भूक मारणारं असेल तर पेअर-फेड गट (औषध नाही, पण खाणं औषधवाल्या गटाइतकंच) हवाच. नाहीतर यकृतातली चरबी औषधाने गेली की कमी खाण्याने, हे कळणारच नाही. या ६० टक्केवाल्या आहाराने चरबी भरपूर साचते, फायब्रोसिस (यकृतात व्रणासारखे तंतू साचणं) मात्र जेमतेम. मेथिओनिन-कोलीनविरहित आहाराने तो लवकर येतो, पण उंदीर वाळतात. लठ्ठपणाच्या औषधाला ते मॉडेल वापरू नका.

उत्तर ३: पुण्यातल्या एप्रिलच्या उकाड्यात या चरबीयुक्त खाद्याच्या गोळ्या मऊ पडतात, खवट होतात. साठा फ्रीजरमध्ये ठेवा, पिंजऱ्यातल्या दर २-३ दिवसांनी बदला. ऑइल रेड ओसाठी (चरबी दाखवणारा रंग) यकृताचा तुकडा गोठवूनच ठेवा. तुकडा पॅराफिन मेणात बसवण्याच्या प्रक्रियेत चरबी विरघळून जाते. आणि आठवडे वाढवण्याआधी प्राणी नैतिकता समितीकडून सुधारित मंजुरी घ्या.