जुने गेम, नवा संगणक आणि कोकणातली बुरशी : आपापले अनुभव लिहा

सड्यावरचा, देवगड

गणपतीत मुंबईहून आलेल्या भाच्याने माळ्यावरची सीडीची थैली खाली काढली. "मामा, हे चालतं अजून?" चालतं. पण चालवायला माझे दोन दिवस गेले, म्हणून हा धागा. नव्वदच्या दशकातले किंवा २०००च्या आसपासचे गेम कुणी नव्या विंडोजवर चालवलेत का? नुसतं 'कम्पॅटिबिलिटी मोड (जुन्या विंडोजसारखं चालवायची सोय) लावा' लिहून पळू नका. कुठला गेम, काय दिसलं, काय केलंत, सगळं सांगा.

सुरुवात माझ्यापासून. एज ऑफ एम्पायर्स, १९९७चा पहिला. विंडोज ७च्या लॅपटॉपवर सुरू झाला, पण गवत जांभळं आणि पाणी लाल! जन्म देवगडात गेला, लाल समुद्र तेव्हा पाहिला. हा गेम २५६ रंगांच्या एका तक्त्यावर चित्रं काढतो आणि मागे चालू असलेला एक्सप्लोरर (डेस्कटॉप आणि फोल्डर दाखवणारा विंडोजचा भाग) त्याच तक्त्यात आपले रंग घुसडतो. टास्क मॅनेजरमधून एक्सप्लोरर बंद केला, गेम खेळलो, मग तिथूनच परत सुरू केला. मधल्या वेळात डेस्कटॉप गायब झालेला बघून बहीण किंचाळली, ते वेगळं.

घावणे-चटणी, कणकवली

माझा विंग कमांडर, १९९०चा अंतराळयुद्धाचा गेम. डॉसचे (विंडोजच्या आधीच्या प्रणालीचे) गेम ६४-बिट, म्हणजे आजच्या बहुतेक, विंडोजवर थेट चालतच नाहीत, त्यामुळे डॉसबॉक्स या प्रोग्रॅमला पर्याय नाही. तो अख्ख्या जुन्या संगणकाची नक्कल करतो, साउंड ब्लास्टर या आवाजाच्या कार्डासकट. मी शहाणपणा करून सायकल्स (नकली प्रोसेसरचा वेग) 'मॅक्स'वर ठेवल्या. या गेमचा वेग प्रोसेसरला बांधलेला, त्यामुळे शत्रूची यानं दिसायच्या आत मी खलास. मागे खुर्चीत बसलेले आजोबा म्हणाले, "ही इमाना पिसाळली की काय रे?" कंट्रोल आणि एफ ११ दाबत दाबत वेग खाली आणला, तेव्हा कुठे आजोबांचं आणि माझं समाधान झालं. आणखी एक, चित्र चपटं दिसत असेल तर सेटिंगच्या फाइलमध्ये 'अ‍ॅस्पेक्ट' चालू करा. ३२० बाय २००चं ते चित्र जुन्या चौकोनी मॉनिटरसाठी काढलेलं असतं.

खारा वारा, श्रीवर्धन

माझी गोष्ट लांब आहे. ३ जून २०२०ला निसर्ग वादळात आमचे पत्रे उडाले आणि माळ्यावरचं सगळं भिजलं. लाईट यायला कित्येक दिवस लागले. आल्यावर आधी फ्रीज साफ केला आणि मग सीड्या काढल्या. त्यांच्यावर बुरशीची नक्षी उठली होती. साबणाच्या कोमट पाण्यात धुतल्या, सुती कापडाने मधून कडेकडे सरळ पुसल्या. गोल गोल पुसू नका हो. गोल ओरखडा लेझरच्या वाटेवरूनच जातो, मग तो भाग वाचताच येत नाही. अकरापैकी सात वाचल्या. बाकी चारांचा छापील बाजूचा चंदेरी थर सुटला होता. तो गेला की लेझरला परत फिरवणारा आरसाच गेला, तिथे कुणाचं काही चालत नाही.

आता खरा अपमान. वाचलेल्या एका सीडीवर शर्यतीचा गेम. इन्स्टॉल झाला, उघडेना. मूळ सीडी आत असताना 'मूळ सीडी घाला' म्हणे! सीडीची नक्कल होऊ नये म्हणून त्यावर सेफडिस्क नावाचं कुलूप आहे आणि त्याचा ड्रायव्हर सुरक्षेच्या कारणाने विंडोज १०मध्ये चालत नाही. म्हणजे पैसे मोजणारा मी आणि चोरही मीच. शेवटी तोच गेम जीओजी या ऑनलाइन दुकानातून परत विकत घेतला. ते २००८पासून जुने गेम असेच कुलूप काढून विकतात.

दोन शहाळी, अलिबाग

विंडोज एक्सपीसोबत यायचा तो पिनबॉल. जुन्या मशीनमधलं फोल्डर उचलून विंडोज १०वर टाकलं, चालला. बस.

सड्यावरचा, देवगड

@खारा वारा, चार गेल्या त्याचं वाईट वाटलं. उरलेल्यांची इमेज (अख्ख्या सीडीची नक्कल असलेली फाइल) आजच काढा. पण एक सांगतो, त्या काळी बऱ्याच गेमचं संगीत सीडीवर ऑडिओ ट्रॅक म्हणून असायचं. नुसती आयएसओ (फक्त डेटाची इमेज) काढली तर ते येत नाही, गेम मुका होतो. बिन आणि क्यू अशा जोडफाइल्स काढा.

राजिवडा, रत्नागिरी

पूर्वी सायबर कॅफे चालवायचो. अनेकांना वाटतं गेम चालत नाही, पण कधीकधी गेम ३२-बिट असतो, धडधाकट असतो. त्याचा इन्स्टॉलर तेवढा १६-बिट असतो आणि ६४-बिट विंडोज त्याला दारातच अडवतं. व्हर्च्युअल मशीनमध्ये (संगणकातल्या नकली संगणकात) विंडोज ९८ टाकून तिथे इन्स्टॉल करायचं आणि फोल्डर बाहेर आणायचं. माझे दोन गेम असे सुटले. तिसऱ्याला रजिस्ट्रीतल्या (विंडोजच्या सेटिंगच्या वहीतल्या) नोंदीही हव्या होत्या, त्या हाताने लिहिल्या. जुना गेम नेटवर्कवरून दोघांत खेळायचा असेल आणि डायरेक्टप्ले (त्यासाठीचा विंडोजचा जुना भाग) मागत असेल, तर विंडोजच्या 'फीचर्स'मध्ये 'लेगसी कम्पोनंट्स'खाली टिकमार्क करा.

वाळवी, वेंगुर्ला

प्रिन्स ऑफ पर्शिया. डॉसबॉक्समध्ये झकास चालला, अडलो ते भलतीकडेच. पहिला टप्पा संपला की पुस्तिकेच्या अमुक पानावर, अमुक ओळीतल्या शब्दाचं पहिलं अक्षर असलेली बाटली प्यायला सांगतात. पुस्तिका होती, काकांनी जपून ठेवलेली, लाकडी पेटीत. पेटी उघडली तर कव्हर शाबूत आणि आत मातीच्या रेघा. माझं टोपणनाव तिथूनच आलंय.

हापूस नको रायवळ, राजापूर

माझी तर सीडीच सापडत नव्हती. घरभर शोधली. बाबांना विचारलं तर म्हणाले, "त्या चकचकीत तबकड्या ना? कलमांवर बांधल्यात, वानरांसाठी." शिडी लावून सहा उतरवल्या. एक वाचली, तीही तिसऱ्या प्रयत्नात. इमेज काढून सीडी परत फांदीला बांधली. वानरं तिला कधीच घाबरत नव्हती, असं आई म्हणते.